रिकामा डबा परत करत नाहीत

११ जानेवारी, रविवार. आजचं काम: आत्याच्या घरातल्या डब्यांना त्यांची झाकणं शोधून देणं.

डबे भिंतीकडे, झाकणं पोत्यात, मध्ये फरशीवर मी. आत्या समोर खुर्चीत बसलेली. वॉकर शेजारी उभा केलेला, आणि परीक्षेच्या वर्गावर ठेवावी तशी नजर माझ्यावर.

"ते निळं नको. ते श्रीखंडाच्या डब्याचं."

"अगं, बसतंय की."

"बसतंय म्हणून काय लग्न लावायचं?"

आत्या चौऱ्याहत्तर वर्षांची आहे आणि अविवाहित आहे. मी निळं झाकण परत पोत्यात टाकलं.

घाईचं कारण असं. संध्याकाळी पाचला तिची फिजिओथेरपिस्ट घर बघायला येणार होती. पलंगापासून बाहेरच्या दारापर्यंत आणि पलंगापासून बाथरूमपर्यंत वॉकर कुठेही न अडखळता गेला, तर आत्याने आजपासून स्वतःच्या घरी राहायचं. नाही गेला, तर पुन्हा वारज्याला, माझ्या हॉलमधल्या दिवाणावर. आणि या खेपेला परत गेली तर ती तिथेच राहील, हे आम्ही बोलत नव्हतो, पण दोघींना कळत होतं. दाराकडची वाट झाली होती. बाथरूमकडे जाणारा बोळ तेवढा राहिला होता, आणि त्या बोळात डबे होते.

आत्या कोथरूडमध्ये एका जुन्या सोसायटीत तळमजल्यावर एकटी राहते. ती शाळेत हस्तकला शिकवायची. टाकाऊतून टिकाऊ हा तिचा हातखंडा. नोकरीभर तिने मुलांना सांगितलं, की जगात टाकाऊ असं काही नसतंच. मुलांनी ते परीक्षेपुरतं मानलं, तिने मनापासून मानलं. निवृत्त झाल्यावर टिकाऊ करणं थांबलं, टाकाऊ येत राहिलं. धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या, साड्यांचे खोके, मिठाईचे खोके. लग्नपत्रिका तर सगळ्याच, कारण पत्रिकेवर गणपती असतो आणि गणपती केरात टाकता येत नाही. आम्ही नातेवाईक हसायचो. पुढे पुढे ती दार फटीएवढंच उघडायला लागली आणि भेटायचं असलं की स्वतःच आमच्याकडे येऊ लागली. आम्हाला वाटलं, छान आहे, आत्या हिंडती-फिरती आहे.

दिवाळीच्या आधी साड्यांच्या खोक्यांवरून तिचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. रुग्णवाहिका आली, पण स्ट्रेचर आत जाईना. शेवटी दोघांनी तिला चादरीत घालून बाहेर आणलं. ते मी पाहिलं, आणि त्याच संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, "एक टेम्पो बघून ठेव."

मी एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. वर्षानुवर्षं ज्या मालाला कुणी हात लावत नाही तो मृत साठा. तो बाहेर काढायचा आणि रॅक मोकळी करायची, इतकं ते सरळ असतं. तसं मी आत्याला दवाखान्यात सांगितलं.

"हात तर मलाही कुणी लावत नव्हतं," आत्या म्हणाली. "मलाही घाल टेम्पोत."

टेम्पो रद्द झाला तो समुपदेशक बाईंमुळे. हाडांच्या डॉक्टरांनीच आम्हाला त्यांच्याकडे पाठवलं. त्या आत्याला समजावतील अशी माझी कल्पना होती. त्यांनी मला समजावलं.

"हा आळस नाही आणि अस्वच्छपणाही नाही," त्या म्हणाल्या. "यांना ठरवता येत नाही. तुम्ही रिकामी बाटली उचलता आणि टाकता. या उचलतात तेव्हा ती कुणी दिली, कशाला लागेल, टाकली आणि उद्या लागली तर काय, हे सगळं एकदम समोर येतं. त्याचा त्रास होतो. मग त्या बाटली खाली ठेवतात, आणि ठेवली की बरं वाटतं. त्या बरं वाटण्यानेच घर भरतं."

"आणि आपण परस्पर रिकामं केलं तर?"

"तर पुन्हा भरेल. शिवाय त्या तुम्हाला दार उघडणार नाहीत."

रिक्षात बसल्यावर आत्या म्हणाली, "बाई हुशार आहेत. तुला बरोबर ओळखलं."

मग दर आठवड्याला त्यांच्याकडे जाणं सुरू झालं, आणि मधल्या दिवसांत थोडा थोडा वेळ कोथरूडच्या घरी. आत्याने हो म्हटल्याशिवाय मी कशाला हात लावायचा नाही आणि कशालाही कचरा म्हणायचं नाही. नवीन काही आत आणायचं नाही. ज्यात जीव कमीत कमी अडकलाय तिथून सुरुवात करायची. आणि टाकल्यावर अस्वस्थ वाटलं तर ते घालवायला धडपडायचं नाही, नुसतं बसून राहायचं आणि ते आपोआप उतरतं का ते बघायचं. घर चकाचक करणं हा हेतूच नाही, असं बाईंनी मला दोनदा बजावलं. वॉकरला वाट मिळाली आणि गॅसजवळ पेट घेईल असं काही राहिलं नाही, तर खूप झालं.

पहिल्या दिवशी आत्याने दुधाची एक पिशवी केराच्या बादलीत टाकली आणि बादलीसमोर खुर्ची ओढून घेतली. आजाऱ्याच्या उशाशी बसावं तशी बसली. मी चहा केला. आम्ही तो प्यायलो.

"काय वाटतंय?" मी विचारलं.

"मघाशी छातीत धडधडत होतं."

"आणि आता?"

"आता चहात साखर कमी वाटतेय."

त्या आठवड्यात पिशव्यांचा सगळा गठ्ठा गेला. पण रोज असं होत नव्हतं. एका दुपारी तिने पत्रिकांचा खोका मांडीवर घेतला आणि संध्याकाळी तसाच खाली ठेवला. मी चिडले, मग तीही चिडली. वारज्यापर्यंत दोघी रिक्षाच्या दोन बाजूंनी बाहेर बघत बसलो. पुढच्या वेळी तिनेच कात्री मागितली. पत्रिकांवरचे गणपती एकेक करून कापले, उरलेला कागद रद्दीत दिला. मोठा खोका होता, त्यातलं जे काही उरलं ते बिस्किटांच्या एका डब्यात मावलं. "चालेल," समुपदेशक बाई म्हणाल्या. "तेवढे गणपती राहू देत."

दरम्यान, माझ्याकडे राहत असताना तिने दिवाणाखाली संत्र्यांच्या जाळ्या जमवायला सुरुवात केली होती. माझ्या नवऱ्याच्या लक्षात आलं. त्याने नुसती संत्री आणायची बंद केली. आत्याने तेही ओळखलं. "जावई सज्जन आहेत," ती मला म्हणाली, "पण मला माझ्या घरी जायचंय. तिथे मला हवं तेव्हा खोकता येतं." तक्रार म्हणून इतक्या दिवसांत एवढंच बोलली.

बोळातल्या डब्यांपाशी मात्र गाडी थांबली.

"हे टाकायचे नाहीत," आत्या म्हणाली. "हे माझे नाहीतच."

आत्या एकटी म्हणून सोसायटीतल्या बायका तिला सणावाराला काही ना काही पाठवायच्या. आता, आलेला डबा रिकामा परत करत नाहीत. काहीतरी घालून द्यायचं, घरात दुसरं काही नसलं तर चमचाभर साखर. हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. आत्या डबा घासून पुसून ठेवायची आणि आत काय घालावं ते ठरवायला बसायची. म्हणजे तिथेच बसायची. अळूवड्यांच्या बदल्यात नुसती साखर बरी दिसेल का? लाडू करावेत, तर बेसन आणायचं राहिलेलं. तोवर दुसरा डबा यायचा. महिना उलटला की साखर पुरणार नाही असं वाटायचं, वर्ष उलटलं की लाडूही पुरणार नाहीत असं. पुढे त्या घरची बाई समोरून येताना दिसली तर आत्या पार्किंगकडे वळायची.

"चमचाभर साखर घाल आणि दे," मी म्हटलं.

"वरच्या काकूंच्या सुनेच्या बाळंतपणातल्या अळूवड्यांचा डबा आहे तो. तो मुलगा आता कॉलेजात जातो. इतक्या वर्षांनी काय चमचाभर साखर?"

स्टीलच्या डब्यांवर नावं कोरलेली होती. प्लास्टिकच्या डब्यांवर काही नव्हतं, पण आत्याला प्रत्येक डबा पाठ होता. हा गाजरहलव्याचा, हा साबुदाण्याच्या वड्यांचा, हा सत्यनारायणाच्या प्रसादाचा. कुणाचा, कधीचा, त्या वेळी त्यांच्या घरी काय चाललं होतं, सगळं.

तोडगा तिलाच सापडला. शिवणाच्या सामानाची बरणी हातात घेऊन बराच वेळ बसली होती. बटणं टाकवत नव्हती. मग म्हणाली, "वरच्या मजल्यावरच्या काकू अजून शिवतात ना? त्यांच्या डब्यात घालूया."

तिथून तिला वेग आला. रंगीत खडू ज्यांच्याकडे नात आहे त्यांच्या डब्यात. लोकर ज्या विणतात त्यांना. मणी, रिबिनी, नाड्या, सगळ्याला घर सापडलं. केरात टाकायला जिला तास लागायचा, ती डब्यात भरताना कुठे अडत नव्हती. माल आणि खोका एकाच फेरीत बाहेर. माझ्या कारखान्यात असं कधी जमलेलं नाही.

समुपदेशक बाईंना हे आवडलं. "फक्त कधीतरी एखादा रिकामाही देऊन बघा," त्या म्हणाल्या. आत्याने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की त्यांनी पुढच्या आठवड्याची वेळ विचारली.

तर रविवार. अकरापर्यंत झाकणं जुळली, डबे भरले. दोन मोठ्या पिशव्या घेऊन मी सोसायटीभर फिरले. दारं उघडत होती, चेहरे आधी कोड्यात पडत होते, मग उजळत होते. "बाईंनी पाठवलंय? बऱ्या आहेत का आता?" सोसायटीत आत्याला सगळ्या बाईच म्हणतात. स्टीलचे डबे लगेच ओळखले गेले, एक काकू नावावरून बोट फिरवत म्हणाल्या, "अगंबाई, हा मी मोलकरणीने नेला म्हणून बसले होते." प्लास्टिकचे डबेही सगळ्यांनी हसून घेतले. बारा वाजता बोळ मोकळा होता. तिथली फरशी पिवळी आहे हे मला त्या दिवशी कळलं. मी ती पुसली, आम्ही पोळी-भाजी खाल्ली आणि आत्या तासभर झोपली.

तीनला घंटा वाजली. वरच्या काकू. हातात सकाळचाच डबा.

"अहो बाई, बटणं काढून घेतली हो. मस्त आहेत, हल्ली अशी मिळत नाहीत. हा तुमचा डबा. रिकामा कसा आणायचा, म्हणून तिळाच्या वड्या घातल्यात."

मी आत्याकडे बघितलं, आत्याने माझ्याकडे. संक्रांत तीन दिवसांवर होती. त्या रविवारी कोथरूडमध्ये तिळगूळ झाला नाही असं घर शोधून सापडलं नसतं. आणि इतक्या वर्षांत ज्यांचे डबे होते त्या बायका ते साफ विसरल्या होत्या. त्यांच्या लेखी डबा आत्याचा होता आणि तो भरून परत करणं हा त्यांचा धर्म होता.

काकू बोलता बोलता आत आल्या. मला अडवायला वेळच मिळाला नाही. आत्याची बोटं वॉकरवर घट्ट झाली. कितीतरी वर्षांत या घरात शेजारचं कुणी आलेलं नव्हतं. काकूंनी एकदा छताला टेकलेल्या खोक्यांकडे पाहिलं, एकदा आत्याकडे.

"बसू कुठे?" त्यांनी विचारलं.

"गठ्ठ्यावर बसा," आत्या म्हणाली. "वर्तमानपत्रं आहेत. स्वच्छ आहेत."

काकू बसल्या. "आमच्या सोफ्यापेक्षा बरं आहे. तो रुततो."

पुन्हा घंटा. खडूवाल्या आजी, डब्यात गुळाची पोळी. मग लोकरवाल्या, डब्यात तिळाचे लाडू. मग दोघी एकदम. एक आली की दार उघडं दिसायचं, दार उघडं दिसलं की दुसरी यायची. स्टीलचा एकही परत आला नाही. प्लास्टिकचे जवळजवळ सगळे आले. चार वाजून गेले तेव्हा बोळात डबे होते, डब्यांच्या पुढे चपला होत्या आणि खोलीत रद्दीच्या गठ्ठ्यांवर पाचजणी बसून आत्याच्या ऑपरेशनची चौकशी करत होत्या. मी घड्याळ बघत होते.

"काकू, हा डबा खरं म्हणजे तुमचाच आहे," मी म्हटलं.

"छे गं. आमच्याकडे असला कधीच नव्हता."

"अहो, आत्याला नक्की आठवतंय."

"बाई भल्या आहेत म्हणून म्हणतायत. राहू दे, राहू दे."

डबा माझ्याकडून त्यांच्याकडे आणि त्यांच्याकडून माझ्याकडे असा दोनदा गेला. मग आत्या बोलली, शाळेतल्या आवाजात.

"अळूवड्या. तुमची सून बाळंतपणाला आली होती... नाही, चुकले, सुनेचं बाळंतपण तुम्हीच केलंत. बारशाच्या दिवशी तुम्ही स्वतः घेऊन आलात. झाकणाची एक कड तेव्हाच मोडलेली होती."

काकूंनी झाकण उलटं करून पाहिलं. कड मोडलेली होती.

"अगंबाई," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही इतकी वर्षं सांभाळलात?"

"परत करायचा राहिला," आत्या म्हणाली. "काय घालून द्यावं ते सुचेना."

खरं सांगायचं तर आत्याने हे वाक्य यापूर्वी फक्त समुपदेशक बाईंपुढे उच्चारलं होतं.

आत्याने मला मोठं ताट आणायला सांगितलं. वड्या, लाडू, पोळ्या, सगळं ताटात काढलं. डबे रिकामे झाले. मग तिने तो अळूवड्यांचा डबा उचलला, झाकण लावलं आणि काकूंपुढे धरला.

"आता घालायला माझ्याकडे काही नाही. रिकामाच न्या."

"मग? भरलेला मागितला होता का कुणी?" काकू म्हणाल्या आणि त्यांनी डबा पदराखाली घेतला, विषय संपला.

बाकीचेही तसेच दिले. प्रत्येकीला तिचा, पदार्थाच्या नावासकट. शेवटचा देऊन झाल्यावर आत्या खुर्चीत मागे टेकली. तिचा चेहरा घामेजला होता. काकू काही बोलणार होत्या, मी हाताने थांबवलं. ताट फिरलं. सगळ्या खात राहिल्या आणि मी आत्याकडे बघत राहिले. केराच्या बादलीसमोर ती बसली होती, तशीच बसली होती.

बऱ्याच वेळाने मी विचारलं, "काय वाटतंय?"

तिने तोंडातला घास संपवला. "वडीत वेलदोडा जास्त झालाय."

"सुनेने केल्यात," काकू म्हणाल्या.

पाचला फिजिओथेरपिस्ट आली. तिशीच्या आतली मुलगी, पाठीला सॅक. दारातच थांबली. "वॉव. पार्टी आहे का, आजी?"

"नाही. डबे न्यायला आल्यात," आत्या म्हणाली.

पाचही जणी आपापला डबा छातीशी धरून भिंतीला लागून उभ्या राहिल्या, आणि मधून आत्या चालली. पलंगापासून दारापर्यंत. परत. मग बोळातून बाथरूमपर्यंत. "स्लो, आजी. टर्न घेताना छोटी स्टेप. परफेक्ट." वॉकर कुठेच अडला नाही. मुलीने पायपुसणं पायाने बाजूला सारलं, बाथरूमची भिंत ठोकून बघितली, शेगडीभोवती नजर टाकली. झोपायच्या खोलीचा पलीकडचा अर्धा भाग अजून छतापर्यंत भरलेला आहे आणि माळ्याला आम्ही हातही लावलेला नाही. तेही तिने पाहिलं.

"बेसिकली ओके," ती म्हणाली. "पायपुसणं नको. बाथरूममध्ये धरायला दांडा लावून घ्या. आणि पहिला आठवडा रात्री कुणीतरी सोबत पाहिजे. ते मस्ट आहे."

"मी येते," वरच्या काकू म्हणाल्या. "आमच्याकडे घोरण्याचा कारखाना आहे. तेवढाच आठवडाभर संप."

मी आत्याची औषधं लावली, दांड्याचं माप घेतलं, तिचे कपडे कपाटात ठेवले. कपाट बऱ्याच दिवसांनी उघडत होतं. निघताना ती दारापर्यंत आली, वॉकर घेऊन, आपण होऊन.

"दिवाणाखालच्या जाळ्या टाकून दे," ती म्हणाली.

"तू सांगतेस म्हणून?"

"मी सांगतेय म्हणूनच. मनाने काही करू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी जाळ्या टाकल्या आणि मग उपमा केला. डबा घ्यायला कपाट उघडलं आणि परत लावलं. उपमा ताटलीत वाढला, वर दुसरी ताटली उपडी घातली, फडक्यात बांधून स्कूटरवर पायापाशी ठेवला आणि कोथरूडला गेले. आत्या खाईपर्यंत समोर बसले. मग दोन्ही ताटल्या तिथेच धुतल्या, पुसल्या आणि बरोबर घेऊन कामावर गेले.